काकेबोची वही 9 महिने वापरली, त्याचा अनुभव

आधीच सांगते, मी हिशोब लिहिणाऱ्यातली नाही. याआधी तीन ॲप टाकली आणि तिन्ही महिन्याभरात उडवली. ती बँकेचे मेसेज वाचून खर्च आपोआप नोंदवायची, त्यामुळे मी काही बघायचेच नाही, महिनाअखेरीला एक रंगीत गोल चार्ट यायचा, तो बघून जीव खाली-वर व्हायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग काकेबोबद्दल कळलं. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी 1904 मध्ये घरखर्चासाठी काढलेली वही. इतकी जुनी पद्धत आता कुठे चालणार असं वाटलं, पण म्हटलं एक वहीच तर घ्यायचीय.

पद्धत सोपी आहे. पगार आला की तो लिहायचा, त्यातून भाडं, हप्ते, फी, बिलं वजा करायची, मग बचत वजा करायची आणि जे उरेल तेवढ्यातच महिना काढायचा. मी ते आठवड्यांत वाटून घेते. खर्चाचे रकाने चार: गरज, हौस, पुस्तकं-नाटकं वगैरे, आणि अचानक आलेला.

खरी गंमत या चौथ्या रकान्यात झाली. तिसऱ्या महिन्यात तोच सगळ्यात जास्त भरलेला. रात्री नवऱ्याला दाखवायला बसले, तर तो पेन्सिल घेऊन एकेका नोंदीखाली रेघ मारत म्हणाला, "विमा, फीचा दुसरा हप्ता, गाडीचं सर्व्हिसिंग... अगं यात अचानक काय आहे? दरवर्षी येतातच की!" राग आला, कारण बरोबर होतं त्याचं. मग वहीच्या मागच्या पानावर वर्षातून एकदा-दोनदा येणारं सगळं लिहून काढलं, बेरीज केली, 12 ने भागलं, तर पगाराच्या 11 टक्के निघाले! म्हणजे दर महिन्याला एवढे पैसे आपले नसतातच आणि आम्ही ते आपले समजून उडवत होतो. आता पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते वेगळ्या खात्यात जातात. सातव्या महिन्यात विम्याचा हप्ता आला तेव्हा पहिल्यांदा क्रेडिट कार्डला हात लावावा लागला नाही.

तक्रारीही आहेत. घरात खर्च करणारे दोघं आणि वही एक, हे जमत नाही, तो फोनवरून पैसे देतो आणि विसरून जातो. आता तो मला नुसता आकडा मेसेज करतो, रात्री मी उतरवते. पाचव्या महिन्यात 16 दिवस वही उघडलीच नाही, मग बँकेचं स्टेटमेंट घेऊन एकेक खर्च आठवत अख्खी संध्याकाळ घालवली, असलं काही करू नका, "हिशोब लागत नाही" असं लिहून एकच रक्कम टाका आणि पुढे चला. पुस्तकं-नाटकांचा रकाना आम्ही हौसेत मिसळून टाकला, कारण मुलीचा पोहण्याचा क्लास नक्की कशात टाकायचा यावर तासभर वाद झाला होता.

बचत पहिल्या महिन्यात 4 टक्के होती, आता 15 आहे. पण सगळं श्रेय वहीला नाही हं, सहाव्या महिन्यात एका कर्जाचा हप्ताही संपला. फक्त ते सुटलेले पैसे एरवी कुठे गेले असते ते मला चांगलं माहितीये. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा ठरलंय, सध्या दोन महिन्यांचा जमलाय.

वही संपत आलीय. पुढची चौकटींची घेणार, आडव्या रेघांच्या वहीत आकडे एकाखाली एक येत नाहीत आणि माझी बेरीज हमखास चुकते.