पहिलं सॉफ्ट कोरल: झेनिया की टोडस्टूल लेदर?

समुद्री मत्स्यालयाचा टँक सायकल झाला (घाण पचवणारे जिवाणू त्यात रुळले), पाणी स्थिर आहे, आता पहिलं सॉफ्ट कोरल, म्हणजे कठीण सांगाडा नसलेलं मऊ प्रवाळ, घ्यायचं म्हटलं की गाडी बहुतेकदा झेनिया आणि छत्रीच्या आकाराचं टोडस्टूल लेदर या दोन नावांवर येऊन थांबते. मी दोन्ही पाळली आहेत. मध्यम प्रकाश दोघांनाही पुरतो, घाणीतून साचणारं थोडं नायट्रेट दोघांनाही चालतं, आणि २५ अंशांच्या आसपास तापमान व १.०२५ विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) सांभाळलं की बाकीचे लाड फारसे लागत नाहीत.

देखणेपणात झेनिया पुढे, यात वाद नाही. पॉलिप्सची, म्हणजे फुलांसारख्या छोट्या तोंडांची, ती अखंड उघडझाप बघतच बसावी. ती नुसती शोभाही नाही. तिच्यामुळे पॉलिपजवळ साचणारा ऑक्सिजन दूर लोटला जातो आणि आतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण वाढतं, असं लाल समुद्रातल्या हेटेरोझेनिया या झेनियाच्या भाईबंदावरच्या २०१३ च्या अभ्यासात दिसलं. लेदर मात्र मधूनच पॉलिप्स आत ओढून घेतं, अंगावर मेणचट चकाकी येते, आणि कधी आठवडाभर ते मेल्यासारखं दिसतं. नवख्याचा जीव टांगणीला लागतो. पण ती कात टाकायची तयारी असते. वेव्हमेकरचा (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचा) झोत जरा वाढवला की पापुद्रा सुटतो.

माझा निर्णय झाला तो झेनियाच्या पसरण्यामुळे. एका खडकावर लावलेला झेनिया शेजारच्या खडकावर पाय टाकतो, मग झोअँथिड्सच्या (गुच्छाने वाढणाऱ्या दुसऱ्या कोरलच्या) मधून डोकं काढतो. ब्लेडने खरवडावा, तर खडकाच्या छिद्रात चिमूटभर मांस राहतं आणि तेवढ्यातून तो पुन्हा उगवतो. खडक बाहेर काढावा, तर त्याच्यावर अख्खी रचना तोललेली. वाळूत वेगळं बेट करून त्यावर लावण्याचा उपाय चांगला आहे, कुणाला तो पुरतही असेल. माझ्याकडे सुटलेला तुकडा प्रवाहाबरोबर जाऊन दुसरीकडे रुजला.

लेदर लावलं तिथेच राहतं. त्याचा खरा त्रास म्हणजे ते पाण्यात सोडतं ती टर्पिनॉइड रसायनं. शेजारी कठीण कोरल असतील तर त्यांची वाढ खुंटू शकते. मी ती शोषून घेणारा कार्बन फिल्टरमध्ये कायम चालू ठेवतो, छाटणीनंतर लगेच नवा घालतो. फक्त टँकभर हलतं-डुलतं रानच हवं असेल, तर झेनिया खुशाल घ्या. पुढे आणखी कोरल लावायची इच्छा असेल, तर मला वाटतं लेदरच बरं. घेताना देठाच्या बुडाशी काळपट, लिबलिबीत डाग नाहीत ना ते बघा, आणि छत्री फैलायला चारी बाजूंनी जागा सोडा, कारण तिच्या सावलीत आलेल्या कोरलला प्रकाश कमी पडतो.