फोनमधलं लायसन: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फोनमध्ये लायसन घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पण ते येणार की नाही, हे आरटीओच्या संगणकात तुमची नोंद कशी पडली आहे त्यावर ठरतं. डिजिलॉकर आणि एमपरिवहन ही दोन्ही सरकारी ॲप नऊ महिने रोजच्या वापरात ठेवल्यावर सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. "ॲप चालत नाही" म्हणणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा ॲपमध्ये नसतेच, ती सारथीमध्ये असते. सारथी म्हणजे लायसनच्या नोंदी ठेवणारी सरकारी प्रणाली. गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीचं नाव "वाहन".

कायद्याची बाजू पक्की आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ बदलला आणि कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवायची मुभा मिळाली. १ ऑक्टोबर २०२० पासून तर असं आहे की, कागदपत्र सरकारी पोर्टलवर वैध दिसत असेल तर तपासणीसाठी त्याची कागदी प्रत मागायची नाही. नियम केंद्राचा असल्यामुळे देगलूर ओलांडून तेलंगणात गेलात किंवा उदगीरहून बिदरला, तरी तोच लागू.

डिजिलॉकरसाठी आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. ओटीपी येतो, मग सहा आकडी पिन ठरवायचा. आत सर्चमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स शोधायचं, रस्ते वाहतूक मंत्रालयाचं निवडायचं आणि नंबर टाकायचा. लोक अडकतात ते इथेच. हा नंबर मधल्या जागेसकट सोळा अक्षरांचा असतो: एमएच, दोन आकडी आरटीओ क्रमांक, एक मोकळी जागा, चार आकडी वर्ष आणि सात आकडी अनुक्रमांक. कार्डावरून बघून टाकताना मधली जागा गाळली की नोंद सापडत नाही. जुन्या पुस्तकी लायसनवर नंबर आखूड असतो. तिथे वर्ष पूर्ण चार आकडी लिहायचं आणि अनुक्रमांकाच्या पुढे सात आकडे भरेपर्यंत शून्यं लावायची. १९९७ साली निघालेल्या लायसनचा अनुक्रमांक १२३४ असेल, तर मोकळ्या जागेनंतर १९९७०००१२३४ असं यायला हवं.

कोणत्या आरटीओचा क्रमांक टाकायचा, यात मराठवाड्यात हमखास घोळ होतो. आज हिंगोलीचा क्रमांक ३८ आहे, पण हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १९९९ मध्ये. त्याआधीचं लायसन परभणीचं, म्हणजे २२. अंबाजोगाईला आता ४४ आहे, पण तिथल्या जुन्या लोकांचं लायसन बीडचं, २३. उदगीरचे ५५ वाले नवे, जुने सगळे लातूरच्या २४ मध्ये. राहता कुठे याला अर्थ नाही, लायसन दिलं कोणी ते बघायचं. जिल्ह्याचं नाव बदलल्याने मात्र काही बिघडत नाही. कार्डावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असलं तरी २० आणि २५ हे क्रमांक तेच आहेत.

एवढं करूनही "नोंद सापडली नाही" आलं, तर तुमचं पुस्तक बहुधा संगणकावर चढलेलंच नाही. याला आरटीओत बॅकलॉग म्हणतात. ॲप काढून पुन्हा टाकून काही होत नाही. ज्या कार्यालयाने लायसन दिलं तिथे मूळ पुस्तक घेऊन जायचं आणि बॅकलॉग नोंदीचा अर्ज द्यायचा. नोंद चढल्यावर फोनमध्ये लायसन येतं, पण अशा नोंदीत फोटो नसू शकतो. म्हणून आल्या आल्या उघडून बघा. फोटोची चौकट रिकामी असेल तर ते लायसन नाक्यावर दाखवायच्या कामाचं नाही. नूतनीकरण किंवा कार्ड बदलून घेताना नवा फोटो निघतो, मग चित्र सुधारतं.

दुसरं दुखणं नावाचं. डिजिलॉकर आधारवरचं नाव आणि जन्मतारीख घेऊन लायसनशी ताडून बघतो. लायसनवर आडनाव पुढे आणि आधारवर मागे, एकीकडे "बाबुराव" दुसरीकडे "बाबूराव", वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, यातल्या कशानेही अडू शकतं. तारखेचं तर विचारूच नका. गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली १ जून लायसनवर, कारण तिथे टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) जोडली होती; आणि आधारच्या वेळी कॅम्पमध्ये वय विचारून टाकलेली १ जानेवारी किंवा नुसतं वर्ष. दोन्हींतलं जे टीसी आणि पॅनशी जुळत नाही ते दुरुस्त करावं. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, तेव्हा घाईने आधारला हात लावू नका. लायसनमधली दुरुस्ती सारथी पोर्टलवर अर्ज करून होते.

तोपर्यंत एमपरिवहन वापरता येतं. तिथे आधारशी ताडायची भानगड नाही, लायसन नंबर आणि लायसनवरची जन्मतारीख एवढंच लागतं. वापरायला मात्र डिजिलॉकर जास्त शांत आहे. एमपरिवहनमध्ये चलन, विमा, पीयूसी, गाडीची माहिती असं सगळंच भरलेलं असल्यामुळे घाईत बोट भलतीकडे पडतं. तरी दोन्ही ठेवावीत, एक रुसलं की दुसरं असतं.

आता नाकाबंदी. बीड बायपासला किंवा जालना रोडला एप्रिलच्या बारा वाजता हँडलच्या होल्डरला लावलेला फोन एवढा तापतो की तो स्वतःच स्क्रीन मंद करतो. ब्राइटनेस पूर्ण ओढला तरी वर जात नाही. हवालदार दोन हातांची ओंजळ करून बघतात आणि वैतागतात. ज्यांना दिवसभर गाडीवर फिरायचं असतं त्यांनी फोन खिशातच ठेवावा, आणि थांबल्यावर गाडी बंद करून, सावलीत जाऊन उघडावा. चालत्या गाडीवर फोन हातात घेऊन लायसन शोधणं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग) ओढवून घेणं.

घाटात नेट जातं. डिजिलॉकरमधलं कागदपत्र उघडायला नेट लागतं, तेव्हा कन्नडच्या घाटात शिरण्याआधीच ते उघडून ठेवलेलं बरं. पीडीएफ उतरवून घेता येते, तीही घ्या. स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे कागदपत्र नव्हे. तोच भेद डिजिलॉकरच्या आतही आहे: आरटीओच्या नोंदीतून आलेलं लायसन "इश्यूड" भागात दिसतं, आणि आपणच कार्डाचा फोटो काढून चढवलेलं दुसऱ्या भागात. दुसऱ्याला कायद्याने किंमत नाही. पुष्कळ लोक तेच दाखवतात आणि वर हुज्जत घालतात. स्क्रीनशॉटचा उपयोग एकच: त्यावरचा नंबर मशीनमध्ये टाकून पोलिसांना नोंद बघता येते, आणि ते तयार असतील तर काम भागतं.

फोन दाखवायचा, हातात द्यायचा नाही. तरी द्यावाच लागला तर अँड्रॉइडमध्ये ॲप पिनिंग आहे. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली ते आधीच चालू करून ठेवा. पिन केल्यावर तेवढंच ॲप उघडं राहतं, बाहेर पडायला तुमचा लॉक लागतो.

बॅटरी संपली तर? डिजिलॉकर फोनला नाही, खात्याला बांधलेलं असतं. सोबतच्याच्या फोनमध्ये आपलं सिम घालून लॉगिन केलं की लायसन समोर येतं. ई-सिम असेल तर हा मार्ग बंद.

आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राचं, गणित वेगळं. डिजिलॉकरमध्ये ती येते गाडीचा नंबर आणि चासी नंबर टाकून, पण मालकाचं नाव आधारशी जुळलं तरच. भावाच्या नावावरची गाडी घेऊन रोज फिरणाऱ्याला याचा उपयोग नाही. आरसीचं कार्ड त्याने बरोबर ठेवावंच. विमा आणि पीयूसीची मुदत एमपरिवहनमध्ये दिसते. नवी पीयूसी काढली की संध्याकाळी एकदा उघडून तारीख बदलली का बघावं.

रेल्वेचा फायदा मात्र फारसा कोणी घेत नाही. २०१८ पासून डिजिलॉकरच्या इश्यूड भागातलं लायसन रेल्वेत ओळखपत्र म्हणून चालतं. देवगिरी एक्सप्रेसमध्ये तिकीट तपासनीसाने विचारलं तर पाकीट शोधायला नको.

मुदतीवर लक्ष ठेवा, कारण खिशात कार्डच नसलं की मागची तारीख नजरेला पडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत संपल्यावरची तीस दिवसांची सवलत गेली. नूतनीकरण मुदतीच्या आधी वर्षभर किंवा नंतर वर्षभरात करता येतं. त्यापुढे पुन्हा चाचणी. मुदत संपलेलं लायसन ॲपमध्येही संपलेलंच दिसतं, आणि विनालायसनचा दंड कलम १८१ प्रमाणे ५,००० रुपये.

ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरून घ्या. एमपरिवहन आता नेक्स्टजेन एमपरिवहन नावाने आहे आणि ते एनआयसी या सरकारी संस्थेचं आहे. "तुमच्या गाडीचं चलन फाटलं आहे, बघायला ॲप टाका" असा मेसेज व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली एपीके फाईल असते. ती टाकली की तुमचे ओटीपी वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. चलन खरंच आहे का, हे परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. आलेली फाईल उघडायची नाही, गावच्या ग्रुपवर "खरं आहे का हो" म्हणून पुढेही पाठवायची नाही.