आठ महिने घरचं शिलाई मशीन: गुंता, माया आणि हिशेब

दिवाळीच्या तोंडावर मशीननं खाली दोऱ्याचा असा गुंता केला की लेकीचा फ्रॉक कात्री लावून सोडवावा लागला. त्या दिवशी लिहायला बसले असते तर एवढंच लिहिलं असतं, घेऊ नका. आज आठ महिन्यांनी तसं म्हणणार नाही.

मशीन साधंच, मोटरवर चालणारं, झिगझॅग आणि काज करणारं. ऑगस्ट २०२५ मध्ये ११,२०० रुपयांना घेतलं. २२ सप्टेंबरपासून शिलाई मशीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. महिनाभर दम धरला असता तर ७०० रुपये वाचले असते, ही हळहळ अजून जात नाही.

आता गुंत्याचं. वरून टाका सुरेख, कापड उलटलं की दोऱ्यांचं जाळं. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, पुन्हा भरली, बॉबिन केसचा स्क्रू पिळला, १४ नंबरची सुई बदलली. फरक शून्य. सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं चाक फिरवून सांगितलं, 'टायमिंग गेलंय, शटलचा सेट बदलावा लागेल, १,८५०.' दोन वर्षांची वॉरंटी असून नुसतं येण्याचे ४५० घेतले. तीन दिवस फोनवर भांडले, एक रुपया परत आला नाही.

चौथ्या दिवशी आई आली. तिचा जन्म काळ्या हातमशीनवर गेलाय. तिनं मला दोरा ओवायला लावला आणि नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, पाय खाली टाकून ओवतेस होय! चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत जाणार कुठनं?"

नेढ्यात दोरा घालणं सोपं जावं म्हणून कापड दाबणारा पाय आधीच खाली टाकायची सवय मला लागली होती. पाय खाली असला की ताणाच्या चकत्या एकमेकींना चिकटतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, आणि सैल राहिलेला दोरा कापडाखाली गोळा होतो. गुंता खाली दिसतो म्हणून आपण बॉबिनच्या मागे लागतो. पाय वर करून ओवायला लागल्यापासून एकदाही गुंता नाही. चूक माझी, मान्य. पण ४५० रुपये घेणाऱ्यानं आधी दोरा काढून पुन्हा ओवून बघायला हवा होता. तो राग काही गेलेला नाही.

मशीन घेतलं होतं लेकीच्या फ्रॉकसाठी, आणि तिथंच हिशेब चुकला. सव्वादोन मीटर पॉपलिन, १४० रुपये मीटरनं ३१५. अस्तर, चेन, लेस मिळून १३०. झाले ४४५, माझे दोन दिवस वेगळेच. कोल्हापुरात महाद्वार रोडला तयार फ्रॉक ३५० ला मिळतो. कारखान्यात ताक्याच्या भावानं कापड येतं, शेकडो थर एकदम कापतात, एक जण दिवसभर फक्त बाह्याच लावतो. त्या भावाला घरी बसून कुणी गाठू शकत नाही.

वाचले ते दुसरीकडे. आमच्याकडे अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ५५० झालीय, कापड वेगळं. सात ब्लाउज घरी झाले, म्हणजे ३,८५०. सहा साड्यांचं फॉल-पिको, फॉलची किंमत वजा जाता ७२०. पँटची उंची, तुटलेल्या चेन, पडदे धरून आणखी दीड हजार. आठ महिन्यांत मशीनची निम्म्याहून जास्त किंमत निघाली.

तरी फ्रॉक मी घरीच शिवणार आहे, कारण माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. तसा ३५० चा एक फ्रॉक आणला होता, तो एकदा कुशीत, बाजूच्या शिवणीत, सैल करायला उसवला, तर आत पाव इंचही माया नाही, कडा शिवता शिवता कापणाऱ्या ओव्हरलॉक मशीननं कडेपर्यंत कापलेलं. लेक सहा महिन्यांत वाढली, फ्रॉक कपाटात गेला. आमचे फ्रॉक आई वाढत्या अंगाचे शिवायची. कुशीला दीड इंच माया, घेराला दोन टक, म्हणजे कापड दुमडून मारलेल्या आडव्या शिवणी. दर दिवाळीला एक टक उसवायचा. बाकीचा फ्रॉक विटलेला आणि टक उघडलेल्या जागी नव्या कापडाचा गडद पट्टा. शाळेत त्या पट्ट्याची मला लाज वाटायची. आता कळतं, एका कापडात तिनं तीन वर्षं काढली होती.

लेकीच्या नव्या फ्रॉकला दोन टक घातलेत. मशीनबद्दल तक्रार उरली ती इथेच, त्याला हळू चालताच येत नाही. फूट कंट्रोलवर पाऊल नुसतं टेकवलं तरी पाच-सहा टाके धावतात आणि टकाची रेघ वाकडी होते. म्हणून टकापुरती मी मोटर बंद करते आणि चाक हातानंच फिरवते.