प्रोबेट पॅकेज : मोहोर लागेपर्यंत चोख, हिशेबाच्या वेळी गप्प

मृत्युपत्र लिहून देणं, एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून उभं राहणं आणि पुढे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर, काढून देणं, अशी तिन्ही कामं एकत्र बांधलेली पॅकेजेस ट्रस्टी कंपन्या आणि ऑनलाइन कायदेसेवा विकतात. माहितीपत्रकात सगळा भर कोर्टाच्या मोहोरेवर असतो. वारसांचे वाद मात्र बहुतेक वेळा मोहोर लागल्यानंतरच्या महिन्यांत उभे राहतात, म्हणून हे परीक्षण त्या बाजूने केलेलं आहे.

आधी एक जुनं विक्रीवाक्य बाजूला काढू : "मुंबईत प्रोबेट सक्तीचं आहे." भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधल्या कलम २१३ मुळे मुंबई, चेन्नई आणि कोलकात्यात हिंदूंच्या मृत्युपत्रांना ते लागायचं. डिसेंबर २०२५ मध्ये हे कलमच वगळलं गेलं. आजही सक्तीची भीती घालणारं पॅकेज दिसलं, तर त्यांचं बाकीचं ज्ञानही तितकंच ताजं असेल असं समजा. अर्थात, प्रोबेट निरुपयोगी झालेलं नाही. भावंडांत कुरबुर असेल, साक्षीदार म्हातारे झाले असतील किंवा घर लवकरच विकायचं असेल, तर ते घेऊन ठेवलेलं बरं. फक्त त्यातून काय मिळतं ते नीट समजून घ्या. मृत्युपत्र खरं आहे आणि कायद्याप्रमाणे झालं आहे, एवढंच हे कोर्ट ठरवतं. घर मुळात मृत व्यक्तीच्या मालकीचं होतं का, हा वाद तिथे सुटत नाही. "प्रोबेट म्हणजे मालकीचा दाखला" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

अर्ज दाखल करण्याच्या टप्प्यावर ही पॅकेजेस खरोखर उपयोगी पडतात. मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्ता आणि देण्यांची परिशिष्टं, सगळ्या कायदेशीर वारसांची नावं-पत्ते आणि निदान एका साक्षीदाराचं शपथपत्र, हे सगळं एकत्र जुळवणं किचकट काम आहे. मृत्यूनंतर ७ दिवस उलटल्याशिवाय प्रोबेट देता येत नाही, पण तयारी आधीच सुरू करता येते. वारसांची संमतीपत्रं सुरुवातीलाच जोडली, तर प्रत्येकाला सायटेशन (कोर्टाची नोटीस) बजावत बसण्याचे महिने वाचतात. एखाद्याने कॅव्हिएट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका, अशी कोर्टातली नोंद) दाखल करून हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो, आणि "ठरावीक रकमेत सगळं" ही जाहिरात बहुधा तिथेच थांबते. वादग्रस्त प्रकरणाची फी वेगळी का, कोर्ट फी कुणाच्या माथी, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

साक्षीदारांकडे विशेष लक्ष हवं. काही सेवा आपलेच दोन कर्मचारी साक्षीला बसवतात. सोयीचं आहे, पण पंधरा वर्षांनी ते कर्मचारी कुठे शोधणार? साक्षीदार सापडला नाही किंवा हयात नसला, तर सह्या आणि हस्ताक्षर ओळखणारी माणसं उभी करावी लागतात. आपल्यापेक्षा वयाने लहान आणि पत्ता सहसा न बदलणारे साक्षीदार सुचवणारी सेवा जास्त भरवशाची.

एक्झिक्युटर म्हणून नाव नेमकं कुणाचं घातलं आहे, हेही तपासा. व्यक्तींच्या संघाला प्रोबेट मिळत नाही. कंपनीला मिळतं, पण ती नियमांत बसणारी असेल तरच. मसुद्यात नुसतं "आमची फर्म" असं असेल, तर पुढे कुटुंबालाच मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशनसाठी (एक्झिक्युटर नसताना मालमत्तेचा कारभार बघण्याचा कोर्टाचा अधिकार) अर्ज करावा लागू शकतो. पैसे एका कामाचे दिले आणि दुसरंच काम पदरी पडलं, अशातली गत.

आता मोहोरेनंतरचं काम. कलम ३१७ प्रमाणे प्रोबेट मिळाल्यापासून ६ महिन्यांत मालमत्तेची पूर्ण यादी आणि १ वर्षात जमाखर्चाचा हिशेब कोर्टात द्यायचा असतो. योग्य कारण नसताना मुद्दाम टाळाटाळ केली, तर प्रोबेट रद्द होण्याची वेळ येऊ शकते. पॅकेजच्या करारात "प्रोबेट मिळेपर्यंत" असे शब्द असतील, तर ही दोन्ही कामं त्यात धरलेली नाहीत असं समजा. अनेक कुटुंबांना हे वर्ष उलटून गेल्यावर कळतं.

पैसे देण्याचा क्रमही एक्झिक्युटरच्या मर्जीवर नसतो. आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या ३ महिन्यांतला नोकर-मजुरांचा पगार, त्यानंतर इतर देणी, आणि सगळ्यात शेवटी मृत्युपत्रातल्या देणग्या. थोरल्याने आग्रह केला म्हणून घाईने वाटप केलं आणि मागून कर्ज उगवलं, तर एक्झिक्युटरला स्वतःच्या खिशातून भरपाई करावी लागू शकते. म्हणून चांगली सेवा आधी धनकोंसाठी जाहीर नोटीस काढते आणि मुदत संपल्यावरच वाटपाला हात घालते. या थांबण्याला वारसांनी चालढकल म्हणू नये.

चालढकल वेगळी ओळखता येते. मृत्यूपासून १ वर्ष होईपर्यंत देणगी देण्याचं बंधन एक्झिक्युटरवर नाही. हे वर्ष मृत्यूच्या तारखेपासून मोजायचं, प्रोबेटच्या तारखेपासून नव्हे. "प्रोबेट आत्ताच मिळालं, अजून वर्ष आहे" हे उत्तर म्हणून टिकत नाही. मृत्युपत्रात वेगळी मुदत नसेल, तर ठरावीक रकमेच्या साध्या देणगीवर त्या वर्षानंतर द.सा.द.शे. ४ टक्के व्याजही लागतं.

बहुतेक पॅकेजांत न दिसणारा एक कागद म्हणजे एक्झिक्युटरची लेखी संमती. कलम ३३२ प्रमाणे तिच्याशिवाय लाभार्थ्याचा हक्क पूर्ण होत नाही. संमती तोंडीही चालते, पण सोसायटी किंवा बँक तोंडी शब्दावर नाव चढवणार नाही. प्रत्येक मालमत्तेचं वर्णन घालून वेगळं पत्र घ्यावं. शेअरवर नॉमिनीचं नाव आहे म्हणून तो विषय यादीतून गाळणारी सेवाही नको. नॉमिनी मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत स्पष्ट केलं आहे.

फीबद्दल थोडं. मालमत्तेच्या टक्केवारीत मेहनताना मागणाऱ्यांना कलम ३०९ दाखवा. ॲडमिनिस्ट्रेटर-जनरल, म्हणजे मृतांच्या मालमत्तेचा कारभार बघणारा सरकारी अधिकारी, त्याच्या दरापेक्षा जास्त कमिशन एक्झिक्युटरला घेता येत नाही. आणि घर विकायची वेळ आलीच, तर खरेदीदार कोण हे बघा. एक्झिक्युटरने स्वतः किंवा आडून घेतलेली मालमत्ता इतर हितसंबंधी व्यक्ती रद्द करून घेऊ शकते.

एकाच गावात घर, दोन खाती आणि एकमताचे वारस असतील, तर हे पॅकेज महागडी चैन आहे. विश्वासू नातेवाईक आणि एक बरा वकील पुरेसे होतात. वारस परदेशात असतील, धंद्याची देणी अंगावर असतील किंवा दोन लग्नांची मुलं असतील, तर त्रयस्थ एक्झिक्युटरवर केलेला खर्च वसूल होतो. मात्र करारात तीन ओळी घालून घ्या : यादी आणि हिशेब दाखल करण्याची जबाबदारी सेवेची, दर तीन महिन्यांनी सर्व वारसांना जमाखर्चाची प्रत, आणि मृत व्यक्तीचं शेवटचं आयकर विवरणपत्र कोण भरणार त्याचं नाव.