बॅक्लोफेन की टिझॅनिडिन?

मणक्याला मार लागल्यावर पाय आपोआप ताठतात, झटके देतात. त्यावर या दोन गोळ्या नेहमीच्या. आमच्या परभणीकडच्या दाजींनी दोन्ही घेऊन पाहिल्या.

बॅक्लोफेननं पाय सैल पडले, पण जरा जास्तच. पलंगावरून खुर्चीत सरकताना त्याच ताठरपणाचा आधार व्हायचा, तो गेला. गुंगी वेगळीच. खरी मेख मात्र बंद करताना आहे. गोळ्या संपल्या, तालुक्याला जाणं जमलं नाही म्हणून एकदम थांबवली तर भास, जोराचा ताप, फिटसुद्धा येऊ शकते. डोस हळूहळूच उतरवावा लागतो.

टिझॅनिडिननं ताकद तेवढी जात नाही, पण तोंडाला कोरड आणि बीपी खाली. मे महिन्यात दाजींना उठवून बसवलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. लिव्हरची तपासणीही करत राहावी लागते. शिवाय लघवीच्या इन्फेक्शनवर सर्रास मिळणारी सिप्रोफ्लॉक्सासिन हिच्यासोबत चालतच नाही. बीपी धोकादायक उतरतं. आणि कॅथेटरवाल्याच्या, म्हणजे लघवीची नळी लावलेल्याच्या, तर इन्फेक्शन पाचवीलाच पुजलेलं!

डॉक्टर ठरवतील ते खरं, पण मूत्रपिंड धड असेल (बॅक्लोफेन मुख्यतः त्यावाटेच शरीराबाहेर पडते) अन् घरात गोळ्यांचा साठा राहत असेल, तर मला बॅक्लोफेनच बरी वाटते.