सिंगापूरचं ट्रेसटुगेदर टोकन: वापर संपल्यावर केलेली पारख

मुठीत मावणारा प्लास्टिकचा तुकडा. वर क्यूआर कोड छापलेला, एक बारीक दिवा, दोरी ओवायला भोक. बटण नाही, स्क्रीन नाही, सिम नाही, चार्जिंगची सोय नाही. कोरोनाच्या साथीत बाधिताच्या जवळ कोण कोण आलं होतं याचा माग काढायला सिंगापूरनं २०२० च्या जूनअखेरीला हे टोकन आधी ज्येष्ठांना दिलं आणि सप्टेंबरपासून तिथं राहणाऱ्या सगळ्यांना फुकट वाटलं. सरकारला पहिल्या ३ लाखांच्या खेपेत एक टोकन साधारण २० सिंगापूर डॉलरला पडलं. संभाजीनगर, लातूर, नांदेडकडून तिकडं नोकरीला गेलेल्यांनी आणि लेकराबाळांसाठी त्यांच्याकडं जाऊन राहिलेल्या आईवडिलांनी ते दीड-दोन वर्षं गळ्यात वागवलं. आमचे गुण: ५ पैकी साडेतीन. यंत्र म्हणून ते साडेचारचं आहे. एक गुण का कापला, ते पुढं येईलच.

तिथलं लॉकडाऊन कसं उघडत गेलं हे कळल्याशिवाय टोकनाची गरज कळत नाही. ७ एप्रिल २०२० ला सर्किट ब्रेकर, म्हणजे तिथलं लॉकडाऊन, लागला आणि १ जूनपर्यंत चालला. तो संपायच्या आधीच, १२ मेला न्हाव्यांची दुकानं उघडली. पण फक्त केस कापायला, रंग लावायला नाही. २ जूनपासून पहिला टप्पा: आईवडील त्याच शहरात वेगळे राहत असतील तर दिवसाला दोघांनी जाऊन भेटायची मुभा. १९ जूनपासून दुसरा टप्पा: पाच जणांचा घोळका चालेल, हॉटेलात बसून जेवता येईल. तिसऱ्या टप्प्यात आठ जण. पण या तिसऱ्या टप्प्याला सरकारनं अट घातली की साधारण ७० टक्के लोकांकडं ट्रेसटुगेदरचं अ‍ॅप किंवा टोकन असलं पाहिजे. म्हणजे पाचाचे आठ होणं हे थेट या तुकड्यावर अवलंबून होतं. २८ डिसेंबर २०२० ला तो टप्पा लागला. आपल्याकडं तेव्हा दुकानाच्या वेळा कळायला जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढच्या आदेशाची वाट बघावी लागायची. तिकडं पुढच्या पायरीची अट आधीच सांगितलेली असायची. हा फरक तिथं राहणाऱ्यांना फार जाणवला.

आता यंत्राकडं. आत एक ब्लूटूथ चिप आणि चार्ज न होणारा सेल. टोकन सतत आपला एक तात्पुरता क्रमांक हवेत सोडतं आणि आसपासच्या टोकनांचे, फोनमधल्या अ‍ॅपचे असेच क्रमांक टिपून ठेवतं. हे क्रमांक ठरावीक वेळानं बदलत राहतात, त्यामुळं शेजारी उभ्या असलेल्या तिऱ्हाइताला त्यावरून तुम्ही कोण हे कळत नाही. नोंदी २५ दिवस राहतात, मग आपोआप पुसल्या जातात. इंटरनेट नसल्यानं त्या आपणहून कुठंही जात नाहीत. माणूस बाधित निघाला की टोकन आरोग्य खात्याकडं द्यायचं, तिथं नोंदी उतरवल्या जायच्या. जीपीएस नाही, त्यामुळं तुम्ही टेक्का मार्केटात होता की जुराँगला, हे टोकनाला ठाऊकच नसतं. ते फक्त कोणाच्या जवळ होता एवढंच सांगतं. जून २०२० मध्ये सरकारनं बाहेरच्या मोजक्या हार्डवेअर जाणकारांना बोलावून टोकन तपासायला त्यांच्यासमोर ठेवलं. अँड्र्यू 'बनी' ह्वांग त्यांत होते.

आपल्या आरोग्य सेतूशी तुलना करायची तर मुख्य फरक इथंच आहे. २ एप्रिल २०२० ला आलेलं आरोग्य सेतू ब्लूटूथ आणि जीपीएस दोन्ही वापरायचं आणि त्याला स्मार्टफोन लागायचा. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ ही मिसकॉलची सोय होती, पण ती प्रश्न विचारून सल्ला देण्यापुरती. शेजारी कोण बसलं होतं हे तिला कळायचा मार्ग नव्हता. टोकनानं नेमका तोच माणूस धरला ज्याच्याकडं फोन नाही, किंवा आहे पण हाताळता येत नाही.

मग सिंगापुरात फोनवरचं अ‍ॅप २० मार्च २०२० पासूनच असताना टोकन का काढावं लागलं? कारण अ‍ॅप आयफोनवर नीट चालेना. अ‍ॅप मागं गेलं की आयफोन त्याचं ब्लूटूथ जवळजवळ गप्प करायचा; सुरुवातीला तर स्क्रीन चालू ठेवून फोन खिशात उलटा घालायची वेळ यायची. अँड्रॉइडवर अडचण निराळी. तिथं ब्लूटूथनं आसपास शोधायचं तर 'लोकेशन'ची परवानगी मागावीच लागे, त्यामुळं अ‍ॅप ठिकाण नोंदवत नसलं तरी लोकांना तसंच वाटायचं आणि ते परवानगी नाकारायचे. काही चिनी फोन तर बॅटरी वाचवायच्या नावाखाली अ‍ॅप परस्पर बंद करून टाकायचे. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची बचत बंद करणं हाच उपाय होता. टोकनाला यातलं काहीच लागू नव्हतं.

टोकन घ्यायची पद्धत सुटसुटीत होती. जवळच्या कम्युनिटी सेंटरला जायचं, ओळखपत्र दाखवायचं. परदेशी माणसाकडं वर्क पास किंवा दीर्घ मुदतीचा व्हिजिट पास, आणि त्यावरचा फिन, म्हणजे तिथं राहणाऱ्या परदेशी माणसाला मिळणारा ओळख क्रमांक. तिथला माणूस कार्ड आणि टोकन एकामागून एक स्कॅन करून दोन्ही जोडायचा, झालं. पुढं सेल संपलेली टोकनं बदलून घ्यायला मॉलमध्ये यंत्रंही लागली. एकच खाच होती: कमी मुदतीच्या व्हिजिट पासवर आलेल्यांना फिन नसतो. सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणून आलेली आणि विमानं बंद झाल्यानं पासची मुदत वाढवत राहिलेली मंडळी याच गटातली. त्यांना पासपोर्ट क्रमांकावर अ‍ॅप घ्यावं लागायचं, म्हणजे ज्याला टोकनाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच पुन्हा फोन.

वापरताना काय बिघडायचं ते नीट सांगायला हवं. सेल साधारण सहा ते नऊ महिने टिकायचा. हिरवा दिवा अधूनमधून लुकलुकला म्हणजे ठीक. लाल लुकलुकला म्हणजे बदलायची वेळ. भर उन्हात तो बारीक दिवा दिसतच नाही, म्हणून घरात, हाताची ओंजळ करून बघायचा. दुसरं म्हणजे ठेवायची जागा. ब्लूटूथची लहर अंगातल्या पाण्यानं शोषली जाते आणि धातूनं अडते. पँटच्या मागच्या खिशात ठेवून खुर्चीवर बसलात तर समोरच्या माणसाला टोकन दुरून आल्यासारखं वाटतं. पर्समध्ये जेवणाच्या स्टीलच्या डब्याखाली गेलं तर त्याहून वाईट. गळ्यात, कपड्यावरून, ही सगळ्यात भरवशाची जागा. आणि नऊवारीला खिसा नसल्यानं आज्यांनी ती आपणहून निवडली. चाळिशीतल्या लेकांपेक्षा आज्यांच्या टोकनांच्या नोंदी चांगल्या असणार, असं म्हणायला हरकत नाही.

याच्या उलटही व्हायचं. तिथल्या सरकारी वसाहतीत एका मजल्यावर भिंतीला भिंत लागून घरं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं टोकनही नोंदवलं जाऊ शकतं, कारण ब्लूटूथला लहर किती जोराची एवढंच कळतं, मधे भिंत आहे की हवा हे कळत नाही. म्हणून नोंदी उतरवल्यावरही आरोग्य खात्याची माणसं फोन करून कुठं बसला होता, किती वेळ होता, हे विचारायची. तो फोन आला म्हणून घाबरून जायचं कारण नव्हतं. यंत्राची चूक माणसाकडून दुरुस्त करून घ्यायची ती पायरी होती.

खरी कटकट टोकनाची नव्हतीच, दाराची होती. सेफएंट्री नावाची नोंद मॉल, बाजार, ऑफिस, हॉटेल, सगळीकडं आत जाताना करावी लागायची. १२ मे २०२० पासून ती बहुतेक ठिकाणी सक्तीची. सुरुवातीला दारावर क्यूआर चिकटवलेला, तो फोननं स्कॅन करायचा. ज्यांच्याकडं टोकन त्यांच्या टोकनावरचा क्यूआर दारावरचा माणूस स्कॅन करायचा. मॉलवाल्यांनी नोंद सांभाळायला अर्धी दारं बंद करून टाकली आणि उरलेल्यांपुढं रांगा लागल्या. २०२१ मध्ये गेटवेचे डबे बसले, तेव्हा कुठं सुटका झाली: टोकन डब्याजवळ धरायचं, आवाज आला की आत. हा डबा ब्लूटूथवर चालायचा, त्यामुळं सेल मेलेलं टोकन त्याला दिसायचं नाही. कितीदा धरलं तरी आवाज येत नसेल तर डब्याला दोष देण्याआधी दिवा बघायचा. १७ मे २०२१ पासून साधा क्यूआर बंद होऊन अ‍ॅप किंवा टोकन हाच एक रस्ता उरला. त्याच आठवड्यात घोळक्याची मर्यादा दोनावर आली होती आणि हॉटेलात बसून खाणं पुन्हा बंद झालं होतं. उघडणं असं सरळ रेषेत कधीच झालं नाही. जुलैत पुन्हा बंद, ऑगस्टमध्ये लस घेतलेल्यांसाठी उघडं, सप्टेंबरअखेर परत दोन.

आता कापलेला गुण. जून २०२० मध्ये मंत्र्यांनी सांगितलं होतं की ही माहिती फक्त संसर्गाचा माग काढायला वापरली जाईल. ४ जानेवारी २०२१ ला संसदेत उघड झालं की फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली पोलिसही ती मागू शकतात, आणि एका खुनाच्या तपासात मागून झालीही होती. तोवर बहुतांश लोकांनी शब्दावर विश्वास ठेवून टोकन घेतलेलं. फेब्रुवारीत घाईनं कायदा करून पोलिसांचा हात सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता बांधला. हे आधी करायचं होतं. परदेशी माणूस, ज्याचा पास कंपनीच्या पत्रावर टिकून आहे, तो अशा वेळी टोकन घरी ठेवून निषेध करू शकत नाही. म्हणून एक पूर्ण गुण गेला.

आणि एक गोष्ट गुणांत मावत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या बांधकाम आणि जहाजबांधणीच्या मजुरांना याच जातीचं ब्लूपास नावाचं टोकन दिलं होतं. ते ट्रेसटुगेदरशी बोलायचं, तंत्र तेच. पण शहर आठ जणांच्या पंगतीपर्यंत पोचलं तेव्हाही हे तीन लाखांवर मजूर वसतिगृह आणि कामाची जागा यांच्यामध्येच होते. सप्टेंबर २०२१ मध्ये लिटल इंडिया या शहरातल्या भारतीय बाजारपेठेच्या भागात त्यांना नेण्याचा प्रयोग सुरू झाला, तोही आठवड्याला ५०० जणांचा. बाहेर पडायच्या पासाची सक्ती जून २०२२ मध्ये सैल झाली. एकच यंत्र दोघांच्या गळ्यात, एकाला त्यानं दार उघडून दिलं आणि दुसऱ्याला नाही.

मराठवाड्यातून परत जाणाऱ्यांचं अडकणं मात्र टोकनाच्या हाताबाहेरचं. २३ एप्रिल २०२१ च्या मध्यरात्रीपासून भारतात जाऊन आलेल्या पासधारकांना सिंगापूरनं प्रवेश बंद केला. तो ऑक्टोबरच्या शेवटी उघडला. गावी आलेली माणसं सहा महिने इथंच बसून राहिली. परत गेल्यावर हॉटेलात बसून जेवायचं तर लसीची नोंद टोकनाशी जोडलेली हवी होती, आणि इथं कोविनचं प्रमाणपत्र आडवं यायचं. कोविनवर नाव आधारप्रमाणं, बरेचदा आडनाव पुढं, 'पाटील सुनील रामराव' असं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. जून २०२१ पासून कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडता येऊ लागला, पण नावाची दुरुस्ती एकदाच करता यायची. म्हणून आधी पासपोर्ट समोर ठेवायचा, अक्षर न् अक्षर ताडायचं, मगच बदल करायचा. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर ३ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

२६ एप्रिल २०२२ पासून बहुतेक ठिकाणी टोकन लागेनासं झालं, फेब्रुवारी २०२३ मध्ये ही सगळी व्यवस्था गुंडाळली गेली आणि लोकांची साठवलेली माहिती पुसली, त्या एका खुनाच्या प्रकरणातली सोडून. टोकनं परत घेऊन त्यांचा पुनर्वापरही तिकडं केला गेला. सामानातून इकडं आलेली टोकनं आता कुणाचा माग काढत नाहीत, ती भीती नको. पण आत लिथियमचा सेल आहे. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, चुलीत तर अजिबात नको; लेकरांना फोडायला देऊ नका, कारण असा गोल सेल पोटात गेला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. वरचा क्यूआर मार्करनं खोडा आणि टोकन जुन्या मोबाइल-बॅटऱ्यांबरोबर ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.