बेर्ग्यूनला उतराच

चूरहून सेंट मॉरिट्झला जाणारी बहुतेक मंडळी हे गाव खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. आम्ही दोन रात्री राहिलो. स्वित्झर्लंडच्या आख्ख्या सहलीत मला तेच दोन दिवस सगळ्यात जास्त आठवतात.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे रूळ दिसले की माझी नजर आधी खडीवर जाते. इथला घाट तर बघतच राहावा असा. बेर्ग्यून १,३६७ मीटरवर, पुढचं प्रेडा १,७८९ मीटरवर, आणि मधलं सरळ अंतर जेमतेम साडेसहा किलोमीटर. एवढा चढ सरळ रुळांवर झेपणारा नाही. म्हणून १९०३ साली सुरू झालेल्या या मार्गाला वळसे आणि डोंगरातल्या डोंगरात गोल फिरणारे बोगदे घालून लांबी बारा किलोमीटरपर्यंत नेली. चढावर गाडीचं दातेरी चाक अडकावं म्हणून मधोमध घालतात तो दातेरी रूळ कुठेही नाही.

गाडीत बसून हे कळत नाही, दिशाच हरवते. सकाळी गाडीने प्रेडाला जा आणि रेल्वेच्या पाऊलवाटेने खाली चालत या. वाटेत आम्ही डबा उघडून बसलो होतो, तेवढ्यात खालच्या दगडी पुलावरून लाल गाडी गेली आणि बोगद्यात शिरली. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावर, उलट्या दिशेने गाडी! बायको म्हणाली, "ही दुसरी असेल." मी डबे मोजले होते. तीच होती. वडील हवे होते तेव्हा, असं फार वाटलं.

उतार सलग आहे, गुडघे दुखत असतील तर काठी घ्याच.

स्टेशनजवळच्या जुन्या शस्त्रागारात २०१२ पासून रेल्वे संग्रहालय आहे. दारात तपकिरी 'क्रोकोडाइल' इंजिन उभं आहे, दोन्ही टोकांना मगरीसारखं लांब नाक असलेलं. निदान अर्धा दिवस ठेवा. गावातली घरं जाड भिंतींची, खिडक्या खोल बसवलेल्या, गिलावा कोरून काढलेली नक्षी. जवळ जाऊन बघितलं तर कोरणाऱ्याचा हात कुठे थांबला तेही दिसतं.

तक्रार एकच. आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघर रात्री लवकर बंद झालं आणि आधी कुणी सांगितलं नाही. पाव-चीजवर भागवलं. जेवणाची वेळ पोहोचल्या पोहोचल्या विचारून घ्या.

हिवाळ्यात प्रेडाहून खाली येणारा रस्ता वाहनांना बंद होतो आणि त्यावर सहा किलोमीटर स्लेज चालते. पुढच्या वेळी जानेवारीत जायचं आमचं ठरलंय.